स्फटिकाला वर्षअखेर कळत नाही : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञानमंत्री,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतली एक भट्टी थंड झाली. ती बिघडली नव्हती. तिच्यापाशी बसणारा माणूस गेला. ऑक्साइडचे स्फटिक वाढवण्यात १८ वर्षं घालवलेले आमचे तंत्रज्ञ इतकी वर्षं कंत्राटावरच होते, एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात. या वेळी तीन वर्षांची मुदत संपली, मुदतवाढीच्या अर्जावर ‘निष्पत्ती अपुरी’ असा शेरा आला आणि प्रकल्पाबरोबर त्यांचं पदही गेलं. तो शेरा लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्यांच्यासमोर जो तक्ता होता त्यात शोधनिबंधांची संख्या भरायची होती आणि आमची संख्या खरोखरच कमी होती. माझी तक्रार त्या तक्त्याबद्दल आहे, आणि तो बदलणं आपल्या हातात आहे.

स्फटिक वाढवणं म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगते. एका पद्धतीत इरिडियमच्या किंवा प्लॅटिनमच्या मुशीत पदार्थ वितळवतात. त्या रसाला छोट्या बीजस्फटिकाचं टोक टेकवायचं आणि ते फिरवत फिरवत वर ओढायचं. वेग ताशी एखादा मिलिमीटर. दहा सेंटिमीटरची कांडी हवी असेल तर सलग शंभर तास लागतात, म्हणजे चार दिवस आणि चार रात्री. त्यानंतर ती निवू द्यायची, तीही सावकाश, कारण घाई केली तर आतल्या ताणाने स्फटिक तडकतो. दुसऱ्या पद्धतीत पदार्थ वितळलेल्या क्षारात विरघळवतात आणि तापमान हळूहळू उतरवतात. ११०० अंशांवरून ८०० अंशांपर्यंत ताशी एका अंशाने यायचं म्हटलं तर ३०० तास होतात, साडेबारा दिवस. एवढं करून मूस फोडल्यावर कधी बोटाएवढा निर्मळ स्फटिक हाती येतो, कधी नुसता चुरा. या काळात वीज एकदा जरी गेली तरी सगळं पहिल्यापासून.

आमचे तंत्रज्ञ रसाकडे बघून सांगायचे, ‘आता बीज धरतंय.’ बीजाच्या बुडाशी, रस जिथे वर चढतो तिथे, एक तेजस्वी कडं दिसतं. त्या कड्याची जाडी आणि चमक बघून ते तापमान एखाद्या अंशाने खालीवर करायचे. हे मी अठरा वर्षं बघत आले आणि अजूनही मला त्यांच्याइतकं जमत नाही. कोणत्याही शोधनिबंधात ते लिहिलेलं नाही. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतर थोड्या मुदतीसाठी येणाऱ्या संशोधकाला, ते वर्षभरात येत नाही, आणि वर्ष संपलं की पोस्टडॉक जातो.

वर सांगितलेल्या पहिल्या पद्धतीला, बीज वर ओढण्याच्या, यान चोक्राल्स्की यांचं नाव आहे. १९१६ साली बर्लिनमध्ये ते धातूंच्या घनीभवनाचा अभ्यास करत होते. असं सांगतात की एकदा लिहिता लिहिता त्यांनी टाक दौतीत बुडवण्याऐवजी शेजारच्या वितळलेल्या कथिलात बुडवला आणि बाहेर काढला तेव्हा टोकाशी धातूचा बारीक तंतू लोंबत होता. तो तंतू एकसंध स्फटिक निघाला. धातू किती वेगाने स्फटिकरूप घेतो हे मोजण्याची रीत म्हणून त्यांनी १९१८ साली ती प्रसिद्ध केली. आज जगातल्या बहुतेक चिपांसाठी लागणारा सिलिकॉन याच रीतीने १४१४ अंशांवर वितळलेल्या रसातून ओढला जातो. मधली तीसेक वर्षं या पद्धतीकडे फार कोणी वळलं नव्हतं. १९४८च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील यांनी ट्रान्झिस्टरसाठी जर्मेनियमचा एकसंध स्फटिक हवा असा आग्रह धरला, तेव्हा वरिष्ठांना तो पटला नाही. टील आणि त्यांचे सहकारी जॉन लिटल यांनी संध्याकाळनंतर, रात्री उशिरापर्यंत, ढकलत आणलेल्या उपकरणावर काम केलं. १९५४ साली पहिला व्यापारी सिलिकॉन ट्रान्झिस्टर जाहीर झाला तो टील यांच्याच हस्ते, दुसऱ्या कंपनीतून. चोक्राल्स्कींच्या कामाला १९१९ साली कोणी निष्पत्ती विचारली असती तर कथिलाच्या वेगाचे काही आकडे, एवढंच उत्तर देता आलं असतं.

‘याचा समाजाला उपयोग काय’ हा रकानाही आम्हाला भरावा लागतो. तो प्रश्न योग्यच आहे, म्हणून त्याचं उत्तर एका औषधाच्या गोष्टीने देते. रिटोनावीर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ साली बाजारात आलं. त्याचं एकच स्फटिकरूप माहीत होतं. १९९८ साली काही कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत अचानक नापास होऊ लागल्या. तपासात दिसलं की रेणू तोच आहे, पण त्याची रचना वेगळी झाली आहे. हे नवं रूप जास्त स्थिर आणि म्हणून कमी विरघळणारं होतं. त्याचे सूक्ष्म कण जिथे जिथे पोहोचले तिथे जुनं रूप बनवणं अवघड होऊन बसलं, कारण प्रत्येक कण बीजाचं काम करत होता. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि रुग्णांना काही काळ बेचव द्रवरूप औषधावर भागवावं लागलं. औषध शोधणाऱ्यांचं रसायनशास्त्र चुकलं नव्हतं. तो रेणू स्फटिकात कसा बसेल, हे कोणी पुरेसं खणून पाहिलं नव्हतं. असं खणण्याला वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. काही लागलं नाही हेच तिथे हवं असलेलं उत्तर असतं. आपल्या तक्त्यात मात्र त्या उत्तराची नोंद शून्य म्हणून होते.

स्वयंजुळणीचा अभ्यास करणारे माझे सहकारी शेजारच्याच दालनात बसतात, आणि त्यांची अडचण आमच्यापेक्षा वेगळी नाही. रेणूंना किंवा कणांना योग्य परिस्थिती दिली की ते आपले आपण रचना करतात, बाहेरून कोणी एकेक वीट ठेवत नाही. १९५५ साली फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी तंबाखूच्या रोपावरच्या विषाणूचे प्रथिन आणि आरएनए वेगळे केले, पुन्हा एकत्र आणले आणि परीक्षानळीत विषाणू पुन्हा जुळला, रोपाला संसर्ग करण्याइतका पूर्ण. महासाथीत कोट्यवधी लोकांनी ज्या आरएनए लशी घेतल्या, त्यांचे मेदकणही असेच जुळतात : अल्कोहोलमधले लिपिड आणि आम्लधर्मी पाण्यातला आरएनए वेगाने मिसळले की क्षणार्धात कण तयार होतात.

पण नॅड्रियन सीमन यांची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते, कारण तिची सुरुवात न वाढलेल्या स्फटिकांपासून होते. सीमन स्फटिकशास्त्रज्ञ होते आणि त्यांना हवे ते स्फटिक काही केल्या मिळत नव्हते. १९८०च्या सुमारास त्यांना सुचलं की डीएनएचे फाटे असलेले तुकडे बनवले तर ते ठरवलेल्या जागीच एकमेकांना पकडतील आणि स्फटिकाची चौकट आपणच आखू शकू. १९८२ साली त्यांनी ही कल्पना मांडली. तसा ठरवून रचलेला त्रिमितीय डीएनए स्फटिक प्रत्यक्षात आला २००९ साली. मध्ये २७ वर्षं गेली. त्या वर्षांत डीएनएच्या रचनांचं एक अख्खं क्षेत्र उभं राहिलं. तीन वर्षांच्या मुदतीत हे काम नऊ वेळा ‘अपुरं’ ठरलं असतं.

असे हिशेब हवे तेवढे देता येतील. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं क्ष-किरण चित्र १९३५ साली प्रसिद्ध केलं आणि त्याची रचना उलगडली १९६९ साली. ॲडा योनाथ यांनी रायबोसोमचे, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचे, स्फटिक वाढवायला घेतले तेव्हा ते अशक्य मानलं जात होतं. उष्णतेत तगणाऱ्या जिवाणूंपासून सुरुवात करून पूर्ण रचनेपर्यंत पोहोचायला त्यांना सुमारे दोन दशकं लागली.

महोदय, जनतेच्या पैशाचा हिशेब द्यायलाच हवा आणि तो टाळण्याचा माझा हेतू नाही. काय मोजावं, एवढाच माझा मुद्दा आहे. जपानमधल्या त्सुकुबाच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे हे दोघे एका अवाढव्य दाबयंत्रावर बोरॉन नायट्राइडचे स्फटिक वाढवतात. दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ४०,००० पट, तापमान १५०० अंशांच्या वर. २०१० साली न्यूयॉर्कच्या एका गटाने दाखवलं की ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा थर, या स्फटिकावर ठेवलं तर त्याचे खरे गुण दिसतात. तेव्हापासून जगभरचे गट त्यांच्याकडे स्फटिक मागतात आणि ते पाठवतात. ग्राफीनचे दोन थर किंचित तिरके ठेवले की अतिवाहकता येते, म्हणजे वीज विनाअडथळा वाहते, हा २०१८चा गाजलेला शोधही याच स्फटिकांच्या आधाराने लागला. ते दाबयंत्र १९८०च्या दशकातलं आहे. कुणीतरी ते इतकी वर्षं चालू ठेवलं आणि ते चालवणारी माणसंही टिकवली, हा माझ्या दृष्टीने धोरणातला सर्वांत शहाणा निर्णय आहे.

म्हणून मागणं असं आहे. स्फटिकवाढ आणि स्वयंजुळणी यांच्या प्रकल्पांची मुदत दहा वर्षांची असावी आणि पहिला आढावा पाच वर्षांनी व्हावा. दरवर्षी तपासायचंच असेल तर आमची वाढीची वही तपासा : किती वेळा मूस भरली, कोणत्या तापमानाला काय बिघडलं, कोणता प्रयोग पुन्हा करण्यासारखा नाही. फसलेल्या वाढींच्या त्या नोंदी सगळ्यांना उघड्या करण्याची अट घाला. आम्ही आनंदाने पाळू, कारण आज प्रत्येक प्रयोगशाळा तीच चूक स्वतःच्या खर्चाने करते आहे. आम्ही दुसऱ्या गटांना दिलेले स्फटिक आमच्या निष्पत्तीत धरा.

आणि तंत्रज्ञांची पदं कायम करा. बाकीच्या मागण्यांवर समिती नेमली तरी चालेल, ही मात्र थांबू शकत नाही. भट्टी पुन्हा विकत घेता येते, पण ते कडं वाचणारा डोळा तयार व्हायला दहा वर्षं लागतात आणि तो दुसऱ्या डोळ्याशेजारी बसूनच तयार होतो. आमच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी त्यांच्या शेजारी फक्त सात महिने बसली. तिला बीज टेकवायचं कधी ते कळतं, थांबायचं कधी ते अजून कळत नाही.

चार्ल्स फ्रँक यांचं एक काम मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. जुन्या सिद्धांताप्रमाणे सपाट पृष्ठावर नवा थर सुरू व्हायला द्रावण फारच अतिसंपृक्त असावं लागे, म्हणजे त्यात एरवी विरघळेल त्याहून खूप जास्त पदार्थ असावा लागे, पण स्फटिक तर एक टक्का अतिसंपृक्ततेतही वाढताना दिसत. १९४९ साली फ्रँक यांनी कोडं सोडवलं : स्फटिकातला मळसूत्री दोषच, म्हणजे अणूंच्या रचनेतली स्क्रूसारखी पिळलेली चूकच, अणूंना चिकटायला पायरी देतो, आणि ती पायरी थर चढत गेला तरी फिरत राहते, संपत नाही. पुढे लवकरच खऱ्या स्फटिकांवर तशी चक्रं सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. हे शिकवताना आमचे तंत्रज्ञ मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि स्वतः वाढवलेल्या स्फटिकावरचं चक्र मुलांना दाखवायचे.

त्यांनी शेवटच्या दिवशी कापून, घासून ठेवलेली सहा बीजं माझ्या कपाटात आहेत, प्रत्येकावर दिशेची खूण केलेली. पुढची मूस भरण्याइतका कच्चा मालही आहे. ते स्वतः परत यायला तयार आहेत, मी विचारलं आहे. त्यांच्या पदाची फाइल आपल्या विभागाकडे आहे.

आपली,
स्फटिक वाढवणारी एक संशोधक