तक्रार : रिस्टोअर केलेल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जुन्या भयपटांच्या सदोष प्रतींबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
स्ट्रीमिंग सेवा विभाग

विषय : दुर्मीळ भयपट व अद्भुतपटांच्या संग्रहातील तीन चित्रपटांच्या चुकीच्या प्रती बदलून मिळणे, अन्यथा उर्वरित वर्गणीचा परतावा मिळणे.

महोदय,

मी आपल्या सेवेची वार्षिक सभासद असून सभासदत्वाचे सात महिने पूर्ण झाले आहेत. सभासद क्रमांक ई-मेलच्या विषयात दिला आहे. नवे आणि गाजलेले चित्रपट मला इतरत्रही पाहायला मिळतात. आपली वर्गणी मी भरली ती केवळ दुर्मीळ भयपट, कल्ट (मोजक्या चाहत्यांनी जपलेले चित्रपट) आणि अद्भुतपट यांच्या संग्रहासाठी, आणि त्यातही आपल्या जाहिरातीतील ‘पूर्ण लांबीच्या, रिस्टोअर केलेल्या (म्हणजे दुरुस्त करून मूळ रूपात आणलेल्या) प्रती’ या शब्दांवर विसंबून. हे शब्द किमान तीन चित्रपटांच्या बाबतीत खरे नाहीत, असे मला आता नाइलाजाने म्हणावे लागत आहे. चॅटवर तीन वेळा तक्रार करूनही माझे म्हणणे नेमके काय आहे हेच कोणी समजून घेतले नाही, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पहिला चित्रपट मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ (१९२२). आपल्या पानावर त्याच्या पोस्टरवर ‘रिस्टोअर केलेली प्रत’ अशी ठळक पट्टी आहे. प्रत्यक्षात सुरू होते ती निव्वळ कृष्णधवल प्रत. जुना मूकपट कृष्णधवल असणारच, त्यात तक्रार कसली, असे आपल्या प्रतिनिधीने मला विचारले. त्याचे उत्तर असे की त्या काळची फिल्म उजेड इतक्या मंदपणे टिपत असे की रात्रीची बाहेरची दृश्ये खरोखर रात्री चित्रित करणे फार अवघड असे. ती दिवसा चित्रित करत आणि नंतर प्रतीच्या त्या भागाला निळ्या रंगात बुडवून काढत. निळा रंग दिसला की प्रेक्षक रात्र समजत. या चित्रपटात दिव्याच्या उजेडातील खोल्यांना पिवळसर छटा होती आणि पहाटेला गुलाबी. म्हणजे हे रंग कोणी हौसेने चढवलेले नाहीत, ते कथेचे घड्याळ आहे. आपल्या प्रतीत ते घड्याळच काढून टाकलेले असल्यामुळे उन्हाने नष्ट होणारा रक्तपिपासू काउंट ऑरलॉक आपली शवपेटी काखेत मारून शहरात शिरतो तो भर दुपारी. माझ्यासोबत चित्रपट पाहणाऱ्या भाचीने तेव्हा सहज विचारले, “याला उन्हाचा काहीच त्रास होत नाही का?” शेवटी तो कोवळ्या उन्हाच्या स्पर्शाने नाहीसा होतो तेव्हा तिला ते पटेना, आणि तिला दोष देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. परवानगी न घेता ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर बेतल्याबद्दल न्यायालयाने ज्याच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरीही जो चित्रपट टिकून राहिला, त्याची रंगछटांसह रिस्टोअर केलेली आवृत्ती उपलब्ध असताना आपण ही बेरंग प्रत ‘रिस्टोअर केलेली’ म्हणून का दाखवता, हे मला समजत नाही.

दुसऱ्या चित्रपटाच्या बाबतीत तर प्रतच वेगळी आहे. बेन्यामिन क्रिस्टेनसन यांचा ‘हेक्सान’ (१९२२) हा चेटूक आणि चेटकिणींवरील छळ यांविषयीचा स्वीडिश मूकपट आपण ‘१०५ मिनिटे, मूळ आवृत्ती’ असे लिहून दिला आहे. मी दिवे मालवून बसले आणि पहिल्याच मिनिटाला एक गृहस्थ संथ, कोरड्या आवाजात इंग्रजीतून बोलू लागले. मूकपट बोलतो आहे हे पाहून आधी वाटले, दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमाचा आवाज येत असावा. थोड्या वेळाने मागे जॅझ वाजू लागल्यावर उलगडा झाला. ही १९६८ साली काढलेली, सुमारे ७७ मिनिटांची कापलेली आवृत्ती आहे; तिच्यातील निवेदन लेखक विल्यम बरोज यांचे आहे आणि मूळ चित्रपटातील मजकुराच्या बहुतेक पाट्या त्यासाठी काढलेल्या आहेत. ती आवृत्ती मला मनापासून आवडते, हे येथे नमूद करते. ती तिच्या नावाने दिलीत तर मी आनंदाने पाहीन. परंतु १०५ मिनिटांच्या नावाखाली ७७ मिनिटांचा ऐवज देणे म्हणजे ग्राहकाला चुकीची माहिती देणे होय, आणि प्लेअरच्या पट्टीवर वेळ स्पष्ट दिसत असताना हे आपल्या कोणाच्या लक्षात येऊ नये याचे नवल वाटते. याविषयी चॅटवर मिळालेले उत्तर जसेच्या तसे देते : “मॅडम, आवाज व्यवस्थित येत आहे, म्हणजे फाइलमध्ये दोष नाही.”

तिसरा चित्रपट म्हणजे कार्ल ड्रेयर यांचा ‘व्हॅम्पिर’ (१९३२). येथे दोष दोन आहेत आणि दोन्ही तांत्रिक आहेत. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात फिल्मच्या कडेची एक पट्टी ध्वनीने व्यापल्यामुळे चित्राला रुंदी कमी मिळत असे. म्हणून या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस, म्हणजे उंची १ धरली तर रुंदी १.१९ इतकीच आहे. आजच्या टीव्हीवर ती नीट दाखवायची तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. आपण त्या येऊ नयेत म्हणून चित्र पडदाभर ताणले आहे आणि वरखालचा भाग छाटला आहे. हिशेब केला तर चित्राचा सुमारे एक तृतीयांश भाग पडद्याबाहेर गेलेला आहे. नायक स्वतःलाच शवपेटीत पाहतो आणि पेटीच्या काचेतून चित्रपटातली रक्तपिपासू म्हातारी मेणबत्ती घेऊन आत डोकावते, हा प्रसंग म्हणजे या चित्रपटाचा प्राण. आपल्या प्रतीत म्हातारीचे कपाळ नाही, हनुवटी नाही, नुसते नाक आणि डोळे आहेत.

दुसरा दोष धुक्याचा. ड्रेयर आणि छायाचित्रकार रुडॉल्फ माटे यांनी कॅमेऱ्यासमोर झिरझिरीत कापड धरून या चित्रपटाला तो राखाडी, पाणचट उजेड मिळवून दिला होता. आपण फाइल इतकी दाबून लहान केली आहे की त्या सलग राखाडी छटांचे चौकोनी ठोकळे झाले आहेत. मेणबत्तीभोवती उजेड विरत जाण्याऐवजी त्याच्या पायऱ्या दिसतात, आणि भिंतीवरच्या अंधारात ठोकळे मुंग्यांसारखे सरकत राहतात. मला टीव्हीची ब्राइटनेस वाढवण्याचा सल्ला देण्यात आला. तसे केल्यावर ठोकळे अधिक ठळक दिसू लागले. याच टीव्हीवर, याच सेटिंगवर डिस्कवरून जुने चित्रपट स्वच्छ दिसतात, इंटरनेटचा वेग तपासलेला आहे आणि चित्र ताणण्याची सोय टीव्हीवर बंद आहे, तेव्हा हेच प्रश्न कृपया पुन्हा विचारू नयेत.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. प्रतींवरचे ओरखडे, उडालेल्या फ्रेम, मध्येच खरखरणारा आवाज यांबद्दल माझी तक्रार नाही. शंभर वर्षे कोठेतरी पडून राहिलेल्या फिल्मकडून नितळपणाची अपेक्षा मी करत नाही, किंबहुना त्या खरखरीची मला सवय आणि थोडी ओढही आहे. माझी तक्रार आपण केलेल्या दोषांबद्दल आहे. या प्रकारचे चित्रपट वितरकांनी, सेन्सॉरने आणि काळाने इतक्या वेळा कापलेले असतात की ‘हा चित्रपट आमच्याकडे आहे’ या वाक्याला कोणती प्रत, किती मिनिटांची आणि कोणत्या चौकटीची हे सांगितल्याशिवाय अर्थच उरत नाही.

तरी माझी मागणी अशी की या तिन्ही चित्रपटांच्या योग्य प्रती उपलब्ध कराव्यात. ज्या करता येणार नाहीत त्यांच्या पानांवरून ‘रिस्टोअर केलेली’ आणि ‘मूळ आवृत्ती’ हे शब्द तातडीने काढावेत. आणि संग्रहातील प्रत्येक चित्रपटाच्या पानावर आवृत्तीचे वर्ष, खरी लांबी व चौकटीचे प्रमाण नमूद करावे. श्रेयनामावली सुरू होताच चित्र कोपऱ्यात ढकलून पुढचा चित्रपट आपोआप लावण्याची पद्धतही बंद करता आली तर बरे होईल, पण तो विषय वेगळा. तीस दिवसांत यातील काहीच न झाल्यास माझ्या सभासदत्वाच्या उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी. तिन्ही चित्रपटांतील वर उल्लेखलेल्या प्रसंगांची छायाचित्रे, त्यांच्या वेळा आणि चॅटवरील संभाषणांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उत्तर चॅटवर न देता, ज्यांनी यांतला किमान एक चित्रपट पाहिला आहे अशा अधिकाऱ्याकडून लेखी यावे, ही विनंती.

आपली,
एक वार्षिक सभासद