तारीख रक्षाविसर्जनाची, लावली मृत्यूची

कोल्हापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वंशावळ व मृत्यू नोंद शोधसेवा विभाग

विषय : कोल्हापूर जिल्ह्यातील निधन वार्ता व मृत्यू नोंदींच्या सशुल्क शोध अहवालातील चुका, त्यांची दुरुस्ती आणि शुल्काचा परतावा

महोदय,

कुलवृत्तांताच्या कामासाठी आपल्या कंपनीकडून आलेल्या शोध अहवालात 40 नोंदी आहेत. त्या आम्ही वृत्तपत्रांच्या मूळ अंकांशी आणि नोंदवह्यांशी ताडून पाहिल्या. 23 नोंदींत तारीख, ठिकाण किंवा माणूसच चुकला आहे. या 23 नोंदींची यादी, कात्रणांच्या प्रती आणि पावती सोबत जोडली आहे. टंकलेखनाच्या चुका असत्या तर एवढे लांब पत्र लिहिले नसते. इथे नोंद वाचण्याची पद्धतच चुकली आहे, म्हणून एकेक मुद्दा सविस्तर मांडतो.

नोंद 7 पाहा. बातमी रविवार, 13 नोव्हेंबर 1983 च्या अंकातली आहे. नावानंतरचा मजकूर असा : 'यांचे शनिवारी निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी 9 वाजता पंचगंगा स्मशानभूमीत आहे.' मृत्यू शनिवारचा, म्हणजे 12 नोव्हेंबरचा. आपल्या अहवालात मृत्यूची तारीख 14 नोव्हेंबर आहे. बातमीत आकड्यातली तारीख एकही नाही, दोन वार आहेत. आपल्या यंत्रणेने त्यांतला शेवटचा वार उचलून त्याची तारीख केली. कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत निधन वार्तेची शेवटची ओळ बहुधा रक्षाविसर्जनाचीच असते, कारण लोकांना कुठे आणि किती वाजता यायचे ते कळावे हा बातमीचा अर्धा हेतू असतो. त्यामुळे ही चूक एका नोंदीत अडकून राहिलेली नाही. आमच्या अहवालात ती नऊ ठिकाणी आहे, आणि आपल्या संग्रहात कोल्हापूरच्या जितक्या निधन वार्ता असतील तितक्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतील.

वार वाचताना अंकाची तारीख आधी पाहायची, 'काल', 'आज', 'शनिवारी' हे शब्द त्या तारखेपासून मागे मोजायचे आणि 'रक्षाविसर्जन', 'उत्तरकार्य' हे शब्द असलेली वाक्ये मृत्यूच्या तारखेसाठी वापरायचीच नाहीत. एवढा नियम पाळला असता तरी नऊच्या नऊ नोंदी बरोबर आल्या असत्या.

नोंद 12 आणि नोंद 31 ही एकाच गृहस्थांची आहेत. पहिली निधन वार्ता, दुसरी 'प्रथम पुण्यस्मरण' अशी जाहिरात. आपण ती दोन माणसे धरली. तारखा वर्षाच्या अंतराने नेमक्या जुळल्या नाहीत म्हणून तसे झाले असावे. पण वर्षश्राद्ध आणि पुण्यस्मरण पुष्कळ घरांत तिथीने करतात. तिथी इंग्रजी तारखेच्या मानाने दहा-अकरा दिवस अलीकडे येते, मध्ये अधिक मास आला तर अठरा-एकोणीस दिवस पलीकडे जाते. हे अंतर दिसले तर संशय माणसावर घ्यायचा नाही, पंचांग उघडायचे.

नावांमागची संबोधने आपण सरसकट काढून टाकली आहेत. नोंद 19 मध्ये मूळ अंकात 'सौ.' आहे, नोंद 22 मध्ये 'गं. भा.' आहे, अहवालात दोन्ही बायका नुसत्या नावाने आल्या. वंशावळ लिहिणाऱ्याला ही दोन अक्षरे म्हणजे पुरावा आहे. 'सौ.' असेल तर त्या दिवशी पती हयात होता, 'गं. भा.' असेल तर तो आधी गेला होता. पतीच्या मृत्यूची नोंद कुठल्या सालापासून पुढे किंवा मागे शोधायची, ते यावरच ठरते. घरातल्या आठवणीही अशाच ताडून पाहतात. एखाद्या बाईचे महालयातले, म्हणजे पितृपक्षातले, श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर भाद्रपद वद्य नवमी ही तिची मृत्युतिथी नव्हे. ती सवाष्ण गेली एवढेच त्यावरून कळते. आपल्या नोंद 26 मध्ये मात्र कुटुंबाने कळवलेली हीच नवमी मृत्युतिथी म्हणून छापली आहे.

यंत्राने अक्षरे वाचताना झालेल्या चुका आम्ही समजू शकतो. खिळ्यांच्या छपाईत ख सुटा होऊन 'रव' दिसतो, घ आणि ध, भ आणि म एकमेकांत जातात. पण मग खोत 'रवोत', घाटगे 'धाटगे' आणि भोसले 'मोसले' म्हणून संग्रहात पडून राहतात आणि बरोबर नाव टाकणाऱ्याला 'नोंद नाही' असे उत्तर मिळते. शोधात ही अक्षरे एकमेकांना पर्याय म्हणून धरली पाहिजेत. पाटलांचे तर विचारूच नका : नोंद 33 मध्ये एकाच नावाचे तीन पाटील आपण एक केले आहेत. तिघांची गावे वेगळी, वडिलांची नावे वेगळी, पश्चात परिवार वेगळा. हे सगळे कात्रणात स्वच्छ छापलेले आहे.

जुन्या कागदांकडे वळतो, कारण नुकसान तिथे सर्वांत मोठे आहे. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीच्या कागदांत शके, फसली आणि सुहूर अशा तिन्ही कालगणना सापडतात. नोंद 37 मध्ये 'शके 1840, पौष' असे आहे. आपण ते इसवी सन 1840 धरले. इसवी सन काढताना शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर 78 आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत 79 मिळवायचे असतात. पौष नेमका या सांध्यावर येतो, त्यामुळे तिथी पंचांगात पाहिल्याशिवाय साल 1918 की 1919 हे सांगताच येत नाही. नोंद 38 फसली 1328 ची आहे. फसलीत पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत 590, पुढच्या सहा महिन्यांत 591. सुहूर असेल तर 599 किंवा 600. म्हणजे ही नोंद 1918-19 ची, आणि कारणाच्या रकान्यात 'ताप' आहे. 1918 च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे रिकामी झाली, त्या काळातली ही नोंद असू शकते. अशा पानावर एका आडनावाच्या पाठोपाठच्या ओळी पाहायच्या असतात, कारण एकाच घरातले दोघे-तिघे आठवड्याभरात गेलेले त्यात सापडतात. आपण एक ओळ कापून दिलीत आणि पान दिलेच नाही.

या नोंदी मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. ज्याने लिप्यंतर केले त्याचे वाचन एक, आमचे दुसरे असू शकते. म्हणून मूळ पानाचे छायाचित्र, दप्तराचे नाव, पान आणि अनुक्रमांक सोबत असावाच लागतो. गाव नमुना 14 ची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची पाने, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, तीही आपण स्रोत न सांगता वापरली आहेत. ही पुस्तके तालुक्याच्या अभिलेख कक्षात मागून पाहता येतात, पण गाव आणि साल नेमके सांगितल्याशिवाय तिथला कर्मचारी तरी कोणता गठ्ठा सोडणार?

ठिकाणाची चूक तर मुळावर येते. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मृत्यू जिथे घडला तिथे होते. राजर्षी शाहू महाराज 6 मे 1922 रोजी मुंबईत गेले, अंत्यसंस्कार कोल्हापुरात झाले. त्यांच्याआधी गादीवर असलेले राजाराम महाराज (दुसरे) 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीत फ्लॉरेन्सला गेले आणि दहनही तिथेच झाले. आपल्या पोर्टलवर चाचणीसाठी ही दोन नावे टाकली तर दोघांचेही मृत्युस्थान 'कोल्हापूर' येते. सर्वांना ठाऊक असलेल्या नोंदी अशा असतील तर शिरोळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या नोंदीवर विश्वास कसा ठेवायचा? शिरोळ-हातकणंगल्याकडचे आजारी लोक पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला नेले जातात. तिथले मिशन हॉस्पिटल 1894 पासूनचे. तिथे मृत्यू झाला असेल तर नोंद मिरजेच्या नगरपालिकेत, आजच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत असणार. कागल, राधानगरी, गारगोटीकडच्यांची पुष्कळदा कोल्हापूर शहरात, गडहिंग्लजकडच्या काहींची बेळगावात. आपण मात्र फक्त मूळ गावची ग्रामपंचायत पाहिली. चंदगडच्या दोन नोंदींत तर संस्थानी दप्तर शोधल्याचे लिहिले आहे. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, संस्थानात नव्हता. त्याचे जुने कागद कोल्हापूरच्या दप्तरात मिळणारच नाहीत.

स्मशानभूमीच्या नोंदींवर भर देताना लिंगायत आणि मुस्लिम कुटुंबांच्या पाच नोंदी 'आढळल्या नाहीत' म्हणून बंद केल्या आहेत. ज्यांच्यात दफन होते त्यांची नावे पंचगंगा स्मशानभूमीच्या यादीत शोधून काय हाती लागणार? आणि 'आढळली नाही' हे उत्तर देताना कोणते कार्यालय, कोणती नोंदवही, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहिली, हे लिहावे लागते. निबंधकाचे अनुपलब्धता प्रमाणपत्रही शोधलेल्या ठराविक सालांपुरतेच असते.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या आहेत. अहवालावर आपण 'प्रमाणित उतारा' असा शिक्का मारला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार प्रमाणित उतारा देण्याचा अधिकार निबंधकाचा आहे. आपल्या कागदावर वारस नोंद होणार नाही, आणि शिक्का पाहून कोणी तलाठ्याकडे घेऊन गेला तर त्याची फेरी वाया जाईल. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मृत्यूच्या दाखल्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. आपल्या पोर्टलवर अलीकडच्या चार नोंदींत ते कारण आणि हयात वारसांचे राहते पत्ते कोणालाही वाचता येतात. हे आजच्या आज काढून टाका. बाकीच्या दुरुस्त्यांसाठी ते थांबवू नका.

आमच्या मागण्या अशा : 23 नोंदी दुरुस्त करून प्रत्येकीसोबत मूळ पानाचे पूर्ण छायाचित्र, अंकाची तारीख किंवा नोंदवहीचे नाव, पान आणि अनुक्रमांक द्यावा, संबोधने पूर्ववत करावीत, 'प्रमाणित' हा शब्द सर्व अहवालांवरून काढावा, ज्या ग्राहकांना याच संग्रहातून अहवाल गेले त्यांना या चुकांची लेखी सूचना द्यावी, आणि आमचे शुल्क परत करावे. यांपैकी चौथी मागणी आम्हाला परताव्याहून महत्त्वाची वाटते. कुलवृत्तांत एकदा छापून शंभर घरांत गेला की त्यातली तारीख पुढचा प्रत्येक जण तशीच उतरवून घेतो, आणि पणजोबांच्या जागी दुसऱ्याच गावचे पाटील बसतात. ज्यांनी घरातल्या गेलेल्या माणसांची नावे आपल्याकडे विश्वासाने दिली, त्यांना हे कळलेच पाहिजे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली आम्ही राहतो त्या कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. दुरुस्तीचे काम करणाऱ्या आपल्या माणसांना कात्रणे किंवा मोडी पाने वाचताना अडचण आली तर ती आमच्याकडे पाठवावीत, आम्ही ताडून देऊ.

कळावे,

आपले,
कुलवृत्तांताचे संकलक, कोल्हापूर
(ग्राहक क्रमांक सोबतच्या पावतीवर)