मॅरो काढताना घाई नको

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे अस्थिमज्जा दानावर लेख आला, चांगला होता, पण सगळा भर डोनर मिळवण्यावर, आणि डोनर मिळाल्यावर मज्जा काढतात कशी यावर एक ओळसुद्धा नाही. मी स्वतः धाकट्या भावाला मज्जा दिलीय, त्याला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया होता, म्हणजे मज्जा रक्तपेशी पुरेशा बनवत नाही तो आजार, म्हणून लिहितेय.

मला कमरेखालची भूल दिली होती, त्यामुळे पालथं पडल्या पडल्या सगळं ऐकू येत होतं. कमरेच्या मागच्या हाडात सुई फिरवत फिरवत घालतात, दुखत नाही पण दाब कळतो. सुरुवातीला सिस्टर किती एमएल आलं ते पाच, दहा, पंधरा असं मोजत होत्या, मग कोणीतरी म्हणालं उशीर होतोय, मोठी सिरिंज द्या, आणि आकडे वीस-वीसने पुढे जायला लागले. मला तेव्हा बरंच वाटलं, लवकर सुटका होईल. संध्याकाळी कळलं की पिशवी भरलीय पण पेशी कमी आहेत. भावाच्या रक्तातल्या पेशींचे काउंट वर यायला चार आठवडे लागले, ते दिवस आईने कसे काढले ते सांगवत नाही.

नंतर मी कारण समजून घेतलं. मज्जा हाडाच्या जाळीत असते, पहिल्या काही एमएलमध्ये ती चांगली येते, त्याच जागी ओढत राहिलं की आजूबाजूचं साधं रक्त आत येतं. म्हणजे पिशवी फुगते पण स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, तेवढ्या वाढत नाहीत, वर रक्तातल्या टी-पेशी जास्त जातात, ज्या पेशंटच्याच अंगावर उलटू शकतात. पेशंटच्या वजनाच्या किलोमागे साधारण 20 ते 40 कोटी पेशी लागतात आणि डोनरकडून त्याच्या किलोमागे 20 एमएलच्या वर घ्यायचं नसतं, मग असं नुसतं रक्त ओढून कसं भागेल? थोडं थोडं ओढायचं, सुई फिरवून जागा बदलायची, आणि निम्म्यात सॅम्पल लॅबला पाठवून काउंट बघायचा, एवढंच तर करायचंय.

हल्ली बहुतेक ठिकाणी इंजेक्शन देऊन हाताच्या शिरेतून पेशी घेतात, त्यामुळे हाडातून काढायचा हातच सुटत चाललाय असं मला वाटतं. पण अनोळखी डोनरवरच्या 2012 च्या मोठ्या अभ्यासात पेशंट वाचण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं, आणि दीर्घकाळ चालणारा जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्या अंगावर उलटण्याचा त्रास, मज्जेत 41 टक्के तर शिरेतल्या पेशींत 53 टक्के. मज्जा न रुजण्याचं प्रमाण मात्र 9 विरुद्ध 3 टक्के, म्हणून तर पिशवीत पेशी भरपूर पाहिजेत! अप्लास्टिक अ‍ॅनिमियात तर शक्यतो मज्जाच घ्यायला सांगतात.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी या विषयावर डॉक्टरांची मुलाखत घ्याल तेव्हा एवढं नक्की विचारा, एका वेळी किती एमएल ओढता, आणि मधे काउंट बघता का?

तुमची एक वाचक, आणि डोनर