आधी वास, मग साखर

निफाड, जि. नाशिक

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, गेल्या साली मधमाश्यांच्या पेट्या आणूनही कांद्याच्या डोंगळ्यांचं (फुलांच्या दांड्यांचं) बी एवढं कमी का भरलं? तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितो.

चूक माझीच. संक्रांतीलाच मधमाश्यांच्या पेट्या बांधावर ठेवल्या. डोंगळे तेव्हा उमललेही नव्हते, शेजारची मोहरी मात्र पिवळीधमक. माश्यांनी पहिला मकरंद तिथे चाखला आणि मोहरीचा वास डोक्यात बसला. पुढे आपली फुलं उमलली, पण कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, तो मुळातच त्यांना फारसा आवडत नाही. मग कशाला वळतील?

हे शिकणं प्रयोगशाळेत कसं तपासतात ते वाचून मी थक्क झालो. माशी थंड करून नळीत अडकवायची, डोकं तेवढं बाहेर. मिशीला साखरपाणी लागलं की सोंड आपोआप बाहेर येते. आता आधी वासाची झुळूक सोडायची आणि लगेच साखरेचा थेंब द्यायचा. दोन-तीनदा केलं की नुसत्या वासालाच सोंड बाहेर! पण क्रम उलटा केला, साखर आधी अन् वास नंतर, तर शिकत नाही. बरोबरच आहे म्हणा. ताट संपल्यावर फोडणीचा वास आला तर त्याचा काय उपयोग? 1993 साली मार्टिन हॅमर या संशोधकांनी तर साखर दिलीच नाही. वासानंतर मेंदूतली एकच चेतापेशी विजेने उद्दीपित केली, तरी माशी तो वास शिकली.

यंदा थोडी फुलं उमलल्यावरच पेट्या आणायच्या. शिवाय कार्ल फॉन फ्रिश यांची युक्ती करून बघणार आहे. (माश्यांचा नाच उलगडणारे तेच, 1973 चं नोबेल मिळालेले.) ते फुलं साखरेच्या पाकात भिजवून तो पाक पेटीतच माश्यांना पाजत. मग माश्या बाहेर पडून त्याच वासाची फुलं शोधत. कांद्याला कितपत लागू पडतं ते बघू. एका पेटीला पाक द्यायचा, दुसरीला नाही, आणि सकाळी दहाला दोन्हीकडच्या कांद्याच्या फुलांच्या गोंड्यांवरच्या माश्या मोजायच्या. पेट्या मात्र शेताच्या दोन टोकांना ठेवाव्या लागतील. तुला सुट्टी असेल तर मोजायला ये.

पाकाला पातेलं मात्र अजून मिळालेलं नाही. कांद्याचा वास जात नाही, म्हणून आई देत नाही.

तुझे,
अप्पा