कंगवे, निकेल आणि इंग्रजी फलक

महोदय,

पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो, तरी विज्ञानदिनी नात ओढून नेतेच. यंदा एका प्रयोगशाळेत लिथियम नायोबेट या स्फटिकाची काचेसारखी चकती पाहिली. तिच्यावर धातूचे दोन इवले कंगवे. एकाला गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला अब्जावधी वेळा बदलणारा, विद्युतसंकेत दिला की पृष्ठभागावरून ध्वनिलहर धावते, सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटर! वाटेत निकेलचा पातळ थर. लहरीच्या ताणाने त्यातले स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे इवले चुंबक, डोलतात आणि ते डोलणं पुढे पसरतं. भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉखने १९३० मध्ये मांडलेली स्पिन लहर ती हीच. पकडायची कशी? चुंबकीय क्षेत्र बदलत न्यायचं. क्षेत्राच्या ठरावीक मूल्याला पलीकडच्या कंगव्याला लहर एकदम क्षीण मिळते. हरवलेली ऊर्जा स्पिनांनी खाल्ली!

फलक मात्र सगळे इंग्रजीत. नात आठवीत, मराठी माध्यमात. तिला मीच बोळात उभं राहून समजावलं. पुढच्या वर्षी निदान एक फलक मराठीत लावा.

– एक निवृत्त शिक्षक, नारायण पेठ, पुणे