गावच्या घरी जाण्याआधी

चि. ऋचा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिमग्यानंतर मुलांना घेऊन राजापूरला, गावच्या घरी जायचं ठरवलंस, फार बरं केलंस. तुझ्या डोळ्यांपुढे जे घर आहे ते आता तसं राहिलेलं नाही. काय बदललं आणि कशामुळे, हे आधी माहीत असलं म्हणजे दारात उभं राहून नुसतं रडू येणार नाही, काय वाचवता येईल तेही दिसेल. म्हणून सविस्तर लिहितेय.

रस्त्यापासूनच फरक आहे. महामार्ग चौपदरी करताना कडेची जुनी झाडं गेली, त्यामुळे वडावरून वळण ओळखायची तुझी खूण आता नाही. गाडीवाल्याला वाडीचं नाव सांग. पाणंदीचा डांबरी रस्ता झालाय आणि तो थेट खळ्यापर्यंत येतो. त्यासाठी समोरचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, फोडला, खळं निम्मं झालं. तुळस कडेला हलवलीय.

वाटणीत घराचा उत्तरेकडचा भाग काकांकडे गेला. त्यांनी तो उतरवून स्लॅबचं घर बांधलं. याचा राग मनात धरू नकोस. बारा महिने तिथे राहणाऱ्याला कौलारू घर सांभाळणं किती जड झालंय ते इथे शहरात बसून कळत नाही. दरवर्षी मृगाच्या आत शाकारणी हवी, म्हणजे सगळी कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून परत बसवायची. हे काम येणारी माणसं थोडी उरलीत आणि एप्रिल-मेमध्ये सगळ्या गावाला ती एकदमच हवी असतात. एवढं करून वानरांची टोळी एकदा छपरावरून उड्या मारत गेली की पुन्हा कौलं सरकलेली. काकांचा निर्णय मला पटतो. फक्त जुन्या-नव्याचा सांधा नीट झालेला नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

आपला दक्षिणेकडचा भाग, म्हणजे अर्धी ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी, जुनाच आहे आणि बरीच वर्षं बंद आहे. बंद घर वरून खाली पडत येतं. राहतं घर असताना चुलीचा धूर रोज वाशांना लागायचा, त्यामुळे लाकूड कोरडं राहायचं आणि कीड कमी धरायची. रात्री कुठे ठिपकलं तर त्याच वेळी कोणीतरी आतून काठीने कौल वर सारायचं. आता एक कौल सरकलं की चार महिने त्याच जागी पाणी. आधी रीप, म्हणजे कौलं ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, कुजते, मग ती धरून असलेली बाकीची कौलं घसरतात, मग वासा जातो, आणि शेवटी पाणी भिंतीच्या माथ्यावर पडायला लागतं. आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असल्या तरी चिरे मातीत लावलेले आहेत. वरून पाणी शिरलं की ती माती वाहून जाते, चिरे मोकळे होतात आणि भिंतीला पोट येतं, म्हणजे ती बाहेर फुगते. पोट आलेली भिंत गिलावा करून सुधारत नाही, तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो. म्हणून आधी छप्पर बघ, बाकीचं सगळं नंतर.

बघायचं कसं ते सांगते. भर दुपारी आत जा, दारं-खिडक्या लावून घे आणि पाच मिनिटं काळोखात उभी राहा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथून पावसाळ्यात पाणी येतं. काचेची कौलं ठरलेल्या जागी आहेत, ती सोडून दे. मग भिंतीवर पाण्याचे ओघळ शोध. ओघळ जिथून सुरू होतो त्याच्या बरोबर वर कौल फुटलेलं असेलच असं नाही, कारण पाणी रिपेवरून, वाशावरून उताराने बरंच खाली जाऊन मग टपकतं. फुटकं कौल नेहमी ओघळाच्या वरच्या अंगाला, आढ्याच्या म्हणजे छपराच्या माथ्याच्या बाजूला सापडतं.

वासे मधे धड दिसले म्हणून समाधान मानू नकोस. वासा कुजतो तो टोकाला, जिथे तो भिंतीवर टेकतो. शिडी लावून प्रत्येक टोकाला हातोडीने ठोक. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघ, तो अर्धा इंच सहज गेला तर लाकूड आतून पोकळ झालंय. भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. नळी मोडून दुसऱ्या दिवशी बघ, पुन्हा भरली असेल तर ती चालू आहे. टोक गेलेला वासा सगळा बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून बाजूने चांगल्या लाकडाचा तुकडा बोल्टने आवळता येतो, गावचे सुतार हे काम चांगलं करतात. आईन, किंजळ, फणस, सागवान यांपैकी जे असेल ते टिकाऊ आहे, घाईने सगळं उतरवून लोखंडी पाइप आणि पत्रा घालायला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

मागच्या पडवीत काकांच्या भागावरून उतरवलेली कौलं रचून ठेवलीत. ती कोणालाही देऊ नकोस. मंगलोरी कौलाच्या कडांना खाचा असतात, एकाची खाच दुसऱ्यात बसते तेव्हाच पाणी अडतं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून बाजारातून आणलेलं नवं कौल जुन्या रांगेत घातलं की तिथेच गळती सुरू होते. त्या ढिगातली आपल्याच छपरावरच्या जातीची आहेत. मोठ्या माणसाने काठीने बघून ढिगातून काढून दिली की मुलांना एकेक उलटून पाहायला सांग, खालच्या अंगाला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढला, तिथून ही कौलं कोकणात पसरली. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, फुटका आवाज आला तर बारीक चीर गेलेली आहे, ते बाजूला टाका. १०० चौरस फुटांना साधारण १५० कौलं लागतात, त्या हिशोबाने किती चांगली आहेत ते मोजून ठेव.

आता तो सांधा. काकांचा स्लॅब आपल्या छपरापेक्षा उंच आहे आणि त्याच्या कडेचं पाणी आपल्या कौलांवर पडतं. जिथे कौलं त्यांच्या भिंतीला भिडतात तिथे नुसता सिमेंटचा मसाला भरलाय. लाकडी छप्पर ऊन-पावसात हलतं, भिंत हलत नाही, त्यामुळे तो मसाला दरवर्षी सुटणारच. तिथे भिंतीत खाच मारून पत्रा आत बसवायला हवा, तो कौलांवर निदान सहा इंच यायला हवा, आणि स्लॅबच्या पाण्याला वेगळा पाइप लावून ते खळ्याबाहेर सोडायला हवं.

माजघराच्या भिंतीला मधे कोणीतरी सिमेंटचा गिलावा केलाय. तो पोपडे होऊन निघताना दिसेल, त्याला नवा गिलावा चढवू नकोस. चिरा पाणी पितो आणि हवा लागली की ते सोडतो, वर सिमेंट असलं की ओल आतच कोंडते. सुटलेला भाग काढून टाक आणि भिंत एक उन्हाळा उघडी राहू दे. नंतर चुन्याचा गिलावा करू. भिंतीत उंबर-पिंपळाचं रोप आलं असेल तर ओढून काढू नकोस, मुळांबरोबर चिरे निघतात. बुंध्याशी कापायचं आणि पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं.

आत शिरताना मात्र काळजी घे, मुलांना पहिल्या दिवशी ओटीच्या पुढे नेऊ नकोस. आपल्या भागात फुरसं हा विषारी साप खूप, आणि तो नेमका दगडाखाली, कौलांच्या ढिगात, पाचोळ्यात असतो. पायात बूट, हातात काठी आणि बॅटरी, आणि कौल उचलताना हात आधी आत घालायचा नाही. उंदरांची आणि वटवाघळांची घाण कोरडी झाडायची नाही, पाणी शिंपडून, तोंडाला कापड आणि हातात मोजे घालून काढायची. विजेचा मेन स्विच वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करू नकोस.

विहिरीत कोणालाही उतरवू नका. वापर बंद झालेल्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साचतो, आणि डिझेलचा पंप विहिरीत उतरवून चालवणं तर जिवावर बेततं. विजेच्या पंपाने पाणी उपसून घ्या, दोन-तीनदा भरू दे. त्यानंतर ब्लीचिंग पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि निदान तासभर थांबायचं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर, त्याला ७० ग्रॅम लागेल. तरी प्यायला उकळूनच घ्या.

कागदाचं थोडं. निघण्यापूर्वी सरकारच्या महाभूमी या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढ. आपलं घर गावठाणात नाही, आपल्याच जमिनीत आहे, त्यामुळे सातबारा महत्त्वाचा. बाबांच्या पश्चात माझं, दादाचं आणि तुझं नाव वारस म्हणून लागलंय का ते बघ, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातही काय लिहिलंय ते वाच. ग्रामपंचायतीत नमुना ८ माग, तो घराचा. आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा, दोन्हींत लोक गल्लत करतात. घरपट्टी आपल्या नावावर येते म्हणजे घर आपलं, असं कायद्यात नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. कोणी प्रेमाने हक्कसोडपत्राची गोष्ट काढली तर तिथल्या तिथे सही करू नकोस, वकिलाला दाखवून मग बोलू असं सांग.

काकूंसाठी साडी आणि ओटीचं सामान मी पाठवते. देव त्यांच्याकडे आहेत, पहिल्यांदा तिथे जाऊन नारळ ठेव. झोपाळा, मोठं पितळी घंगाळ, माजघराचं कोरीव दार तुला दिसणार नाही. जुनी दारं-खांब विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात, अशा वस्तू बहुतेक घरांतून गेल्यात. त्याबद्दल पहिल्या जेवणात विचारू नकोस. इतकी वर्षं आपल्या भागाची किल्ली त्यांनी सांभाळली, दरवर्षी दारापुढचं गवत काढलं, याचे आभार आधी मान.

सांध्याचं मात्र काकांशी याच खेपेला बोल. पत्र्याचा आणि पाइपचा खर्च आपण देऊ, कोणाकडून करवून घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. सुतारालाही आताच सांगून ठेव आणि थोडे पैसे आगाऊ दे, मे उजाडला की तो मिळणार नाही. वाशांच्या टोकांचे फोटो जवळून काढ, शेजारी पट्टी धरून, आणि प्रत्येकावर खडूने आकडा घाल, म्हणजे कोणता वासा कुठला ते इथे बसून कळेल. जुलैत दोन दिवस रजा मिळाली तर पुन्हा जाऊन भर पावसात बघून ये. पोचलीस की फोन कर.

तुझी,
आई