बायोइंजिनिअरिंगच्या पीएच.डी.ला रुग्णालयाची अट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएच.डी. प्रवेशाचे दिवस आले की नेट या पात्रता परीक्षेचा पर्सेंटाइल, मुलाखतीचे गुण आणि फेलोशिप यांचीच चर्चा होते. बायोइंजिनिअरिंगला, म्हणजे वैद्यकासाठी उपकरणं आणि साहित्य घडवणाऱ्या अभियांत्रिकीला, जाणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत यापेक्षा मोठी एक गोष्ट सुटते आहे, म्हणून हे पत्र. मी पॅथॉलॉजीचा डॉक्टर. नोकरीतून निवृत्त झालो, पण एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर) अजून बसतो. त्यामुळे या विषयातले संशोधक आमच्या दारात कधी आणि कोणत्या अवस्थेत येतात, ते बघायला मिळतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम तसे सुटसुटीत आहेत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण, किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क (वर्गातला अभ्यास), दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल, मग प्रबंध, बाहेरचे दोन परीक्षक आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. फेरनोंदणी केली तर आणखी दोन. महिला आणि दिव्यांग संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापून आणण्याची २०१६ ची सक्ती या नियमांतून गेली, ते उत्तम झालं. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचं दुकान त्या सक्तीवरच चाललं होतं. आयआयटीसारख्या संस्था आपले नियम आपण करतात, पण राज्य विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांत नाव घालणाऱ्यांना हीच चौकट लागू आहे.

अडचण अशी की चौकट सगळ्या विषयांना एकच. कोर्सवर्कमध्ये ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा विषय सक्तीचा आहे. त्याचा अभ्यासक्रम मी मुद्दाम काढून वाचला. वाङ्मयचौर्य आहे, बनावट आकडे आहेत, फसवी नियतकालिकं आहेत. डेटाबेस आणि इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स यांसारखी संशोधनाची मोजमापं यांना तर तब्बल सात तास दिले आहेत. त्यातल्या सहा घटकांपैकी एकही घटक रुग्णाची संमती कशी घ्यायची यासाठी नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं यावाचून अडत नाही. ज्याला माणसाचं रक्त किंवा हाडाचा तुकडा घेऊन काम करायचं आहे, त्याचं अडतं.

मग तिसऱ्या वर्षी एखादी मुलगी पॅथॉलॉजी विभागात येऊन अदबीने विचारते, “सर, बायोप्सीतलं उरलेलं टिश्यू मिळेल का? नाहीतरी टाकूनच देता ना?” तिचं काही चुकत नाही, तिला कोणी सांगितलेलंच नसतं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उरलेला नमुना वापरायचा तरी कमिटीची मंजुरी लागते. संमतीतून सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, मार्गदर्शक प्राध्यापक नाही. काम आधी करून मंजुरी मागाहून, हे चालत नाही. कमिटीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा असतो, सामान्य नागरिक असतो. त्यांची बैठक जमणार, शंका निघणार, मराठीतलं संमतिपत्र धड नाही म्हणून अर्ज परत जाणार. (ही संमतिपत्रं मी वाचतो. रुग्ण सोडाच, मलाही दोनदा वाचावी लागतात.) प्राण्यांवर प्रयोग असेल तर त्याची समिती वेगळी. बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्वतःची एथिक्स कमिटी नसते, म्हणजे आधी कमिटी शोधण्यापासून सुरुवात. यात महिने जातात आणि पीएच.डी.चं घड्याळ चालूच असतं. जेआरएफ-एसआरएफ (कनिष्ठ आणि वरिष्ठ) मिळून फेलोशिप पाच वर्षांची. ती संपली की घरून पैसे मागवायचे.

मंजुरीचा प्रश्न एक वेळ कागदाचा म्हणू. कामाचं काय? एकाने हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी थ्रीडी प्रिंटरवर सुबक गाइड (हाड कुठे कापायचं ते दाखवणारा साचा) बनवून आणला होता, पीएलए प्लास्टिकचा. आमच्या अस्थिशल्यविशारदांनी तो हातात घेऊन एवढंच विचारलं, “हा ऑटोक्लेव्हमध्ये जाईल का?” वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो, पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर दोन दिवस उभं राहिला असता तर मुलाने साहित्यच वेगळं निवडलं असतं.

हे होऊ शकतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत रुग्णालय आणि बायोमेडिकल तंत्रज्ञान विभाग एकाच संस्थेचे आहेत. हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तिथे हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. आधीचे नमुने बाद झाले, चौथा टिकला आणि १९९० मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला. महाराष्ट्रातही राज्य सरकारच्या मदतीने २०१४ च्या सुमारास आयआयटी मुंबईत ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झालं. तिथे अभियंते डॉक्टरांबरोबर बसून उपकरणं घडवतात. पण पीएच.डी.च्या अटींत यातलं काही उतरलेलं नाही.

माझी मागणी मोठी नाही. १२ क्रेडिटपैकी चार पहिल्याच वर्षी रुग्णालयात पूर्ण करायची सक्ती करा. “मी संगणकावर ईसीजीचे सिग्नल तपासतो, मला रुग्णालय कशाला?” असं म्हणणाऱ्यालाही पाठवा. इलेक्ट्रोड निसटलाय, आजोबा हलतायत, अशात ईसीजी निघताना त्याने एकदा तरी पाहावा. विषयाला मान्यता देताना एथिक्स कमिटीच्या अर्जाचा मसुदा सोबत मागा. दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घ्यायला २०२२ च्या नियमांत मुभा आहे. या विषयात तो रुग्णालयातला असावा. आणि मंजुरीच्या प्रतीक्षेत गेलेला काळ मुदतीतून वजा व्हावा. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं विद्यापीठाला स्वतःच्या अधिकारात करता येईल, दिल्लीची वाट पाहायला नको. शिकवायला माणसं कुठून आणणार, असं कोणी विचारलं तर आमच्यासारखे निवृत्त डॉक्टर गावोगाव आहेत. येण्याजाण्याचं भाडं दिलंत तरी येऊ.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, पुणे